मेडिकलच्या आधी

प्रिय सुमा,

इतके महिने पत्र नाही, रागावली असशील. तब्येत बरी आहे, वजन जरा वाढलंय. पण परवाचं तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

परतीच्या फ्लाइटला शेवटची रेस्ट, म्हणजे आम्हा वैमानिकांची आळीपाळीने झोपायची वेळ, माझी होती. बंकमध्ये अलार्मने जाग आली आणि आपण निघालोय की परत चाललोय, काही केल्या आठवेना. कॉकपिटमध्ये गेले, पण लगेच सीट घेतली नाही. मागच्या जादा जंप सीटवर पाणी पीत डोकं ताळ्यावर येईपर्यंत बसले. 2010 च्या मंगळूर विमान अपघाताच्या चौकशीत हेच निघालं होतं ना? कॅप्टन निम्म्याहून जास्त वेळ झोपले होते, जागे झाल्यावरही गुंगी उतरली नव्हती. तो अहवाल वाचून तू जेवली नव्हतीस.

रेस्टवरून आपण किती भांडलो गं! तुला कायम शेवटची हवी, मी म्हणायचे पहिलीत झोप लागतच नाही. एकदा टॉस केलास तर नाणं माझ्या कॉफीत पडलं. ते मी अजून परत दिलेलं नाही, देणारही नाही.

हल्ली घरीही झोप लागत नाही. पहाटे 2 ते 6 शरीर झोपच मागतं आणि आपलं लँडिंग बहुतेक वेळा तेव्हाच. उतरल्यावर घरी पडदे ओढून पडते तर डोळे टक्क उघडे. पूर्वेकडची फ्लाइट असली की आणखी हाल, शरीराचं घड्याळ पुढे ओढणं फार जड जातं. ते जुळायच्या आत नवीन रोस्टर हजर. रात्री 3 ला जेवणाचा ट्रे येतो. खाल्लं तर पोट बिघडतं, नाही खाल्लं तर डोकं दुखतं. शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळ्या बहुधा कर्करोगाला कारण ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 मध्येच म्हटलंय. वर कॉस्मिक किरणं आहेतच. तेव्हा आपण ते वाचून बाजूला ठेवलं होतं.

आता वैमानिकांची मेडिकल तपासणी आलीय. झोपेबद्दल डॉक्टरांना सांगितलं तर काही काळ उडणं बंद करून जमिनीवर बसवतील. घराचा हप्ता, कॅप्टनपदाची कमांड, सगळं डोळ्यांपुढे येतं. बरोबरचे म्हणतात, गप्प बस, सगळ्यांचंच असं आहे. सगळ्यांचंच असेल, तर कुणीतरी बोलायला नको का? मागे तीनशे माणसं आपल्या भरवशावर झोपलेली असतात. मी सांगणार आहे. तरी हात थरथरतोय.

तू लाँग हॉलची लांबची उड्डाणं सोडून जमिनीवरच्या सिम्युलेटरवर गेलीस तेव्हा मी तुला पळपुटी म्हटलं होतं, आणि तू फोन आपटला होतास. आज विचारते: सोडण्याआधी डॉक्टरांशी बोलली होतीस का? काय काय विचारलं त्यांनी? पुन्हा उडायचं ठरवलं असतंस तर परत घेतलं असतं का?

आईंचे गुडघे कसे आहेत? मुलीची परीक्षा झाली का? तिला माझा पापा. मेडिकल शुक्रवारी आहे, त्याआधी फोन कर. रात्री कितीही वाजता कर, मी जागीच असते.

तुझी,
मीनल