सोनं धुवायचा डबा

बेंडिगो, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,

"डबा केलास म्हणे, कसा केलास?" एवढंच तू फोनवर विचारलंस, आणि मी सांगायला लागलो तोवर तुझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं. म्हणून आता सविस्तर लिहितो. तू वेल्डर माणूस, वाचताना खोड्या काढशीलच. काढ.

आधी वहिनींना सांग, हे काही चोरून चाललेलं नाही. इथं 'मायनर्स राइट' नावाचा परवाना मिळतो. एकदा काढला की दहा वर्षं बघायला नको. नेमून दिलेल्या सरकारी जमिनीत खोदायचं, मिळेल ते सोनं आपलं. मात्र खोदायचं ते हातानंच. यंत्र नाही, सुरुंग नाही, खड्डा बुजवून निघायचं, आणि इथल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या जागांना हात लावायचा नाही. हा परवाना सुखासुखी नाही आला बरं का. १८५१ मध्ये इथं सोनं सापडल्यावर सरकार खाणकऱ्यांकडून परवान्यापोटी महिन्याला ३० शिलिंग उकळायचं, सोनं लागो न लागो. शेवटी माणसं भडकली. डिसेंबर १८५४ मध्ये बॅलरॅटला खाणकऱ्यांच्या युरेका नावाच्या मोर्चेबंदीवर फौज चालून गेली, मुडदे पडले, आणि दुसऱ्या वर्षी वर्षाला १ पौंडाचा हा परवाना आला.

आता डबा. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड. गारेची वाळू जेमतेम २.६५ पट, लोखंडाची काळी वाळू पाचेक पट. एवढी तफावत असल्यावर वाळू वाहून जाणार आणि सोनं तळाशी बसणार, यात डब्याचं काही कर्तृत्व नाही. सगळी करामत पाणी किती पळू द्यायचं यात. माझं मत विचारशील तर डबा करणाऱ्याला सोन्यातलं काही कळलं नाही तरी चालतं. आपल्याकडचा एखादा जुना पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा, इथं आणून उभा केला, तर त्यानं पहिल्या तासात डबा लावून दिला असता.

१२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, लांबी १.२ मीटर, रुंदी ३० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना वीतभर उंच फळ्या, सांध्यांना सिलिकॉन. वरच्या तोंडाशी काळी रेघारेघांची रबरी मॅट. काळ्यावर पिवळं लगेच दिसतं, म्हणजे इथं काही आहे की नाही ते डबा न उघडता कळतं. मॅटच्या पुढं, उताराकडं, काथ्यासारखी गुंतलेली जाड प्लॅस्टिकची चटई, तिच्यावर तू खिडक्यांना मारतोस ती शंकरपाळ्याच्या आकाराची लोखंडी जाळी, आणि जाळीवर ॲल्युमिनियमच्या अँगलच्या आडव्या पट्ट्या. पट्टी ओलांडून पाणी खाली उतरलं की मागं भोवरा धरतं. त्या भोवऱ्यात जड ते खाली जातं आणि चटईत अडकतं. पट्ट्यांची चौकट मी विंग नटांवर बसवली आहे, कारण दिवसातनं तीन-चारदा सगळं उचलून चटई बादलीत झटकावी लागते. ओढ्यात उभं राहून पान्याशी कोण खेळणार?

उतार फुटाला इंचाच्या आसपास. म्हणजे एवढ्या डब्याला दहा सेंटिमीटर. पण मोजपट्टीपेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवावा. पट्टीच्या मागं काळी वाळू उकळल्यासारखी हलत राहिली आणि पट्टीची अर्धी उंची मोकळी दिसली की उतार जमला. वाळू घट्ट बसून पट्टी बुजली तर डबा फार सपाट आहे. मागं काहीच थांबत नसेल तर फार तिरका. दगडाची एक चिप खाली सारली की चित्र पालटतं. मी तासन्‌तास हेच बघत बसतो, हिच्या मते सोनं हे नुसतं निमित्त आहे.

डबा कोरा असताना त्यात सोनं सोडून बघायची काही गरज नाही. मासे धरायच्या गळाला लावतात ती शिशाची गोळी घ्यायची, कात्रीनं बारीक तुकडे करायचे, हातोडीनं चपटे करायचे, मोजून वाळूत मिसळायचे आणि डब्यातनं धुवायचे. शिसं ११.३ पट जड, सोन्यापेक्षा बरंच हलकं. ते सगळे तुकडे परत हाती लागले तर सोनं कुठं जातंय?

खरा वैरी चिकणमाती. इथली माती चिकट, तिचे गोळे डब्यातनं गडगडत जातात आणि वाटेत बसलेलं सोनं अंगाला चिकटवून बाहेर घेऊन जातात. म्हणून आधी मोठ्या टबात माती भिजवून हातानं कालवायची, गढूळ पाणी ओतून द्यायचं, आणि उरेल ते रंगाच्या बादलीच्या तळाला १२ मिलिमीटरची भोकं पाडून केलेल्या चाळणीतनं गाळायचं. जुन्या काळी बेंडिगोत याच कामाला गोल चर खणून त्यात घोडे फिरवायचे. ते चर रानात अजून दिसतात.

उन्हाळ्यात ओढे आटतात. तेव्हा माती घरी आणतो आणि बोटीतलं पाणी उपसायचा १२ व्होल्टचा पंप लावून तेच पाणी टबातनं डब्यात फिरवतो. पश्चिमेला कॅलगुर्लीकडं तर पाण्याचाच दुष्काळ. तिथं भात्याचा वारा मारून कोरडी माती उडवायचं लाकडी यंत्र करत. आपण वाऱ्याला उभं राहून ज्वारी उफणायचो, तस्संच.

घरी केलेल्या अवजाराची खरी गोष्ट इथलीच आहे, ती ऐक. एडवर्ड हारग्रेव्ह्ज नावाचा माणूस कॅलिफोर्नियाहून हात हलवत परतला, पण माती धुवायची पाळण्यासारखी डोलणारी पेटी, म्हणजे क्रेडल कशी करायची ते तिथं शिकून आला होता. न्यू साउथ वेल्समध्ये फेब्रुवारी १८५१ मध्ये त्याला सोन्याचे कण दिसले, तेही जॉन लिस्टर या पोराला वाटाड्या घेऊन. मग त्यानं लिस्टर आणि टॉम बंधूंना क्रेडलची रीत शिकवली. पोरांनी ती घरी ठोकून केली, एप्रिलमध्ये ओफिरला खरं सोनं काढलं, आणि १०,००० पौंडांचं बक्षीस घेऊन गेला हारग्रेव्ह्ज! पहिला मान पोरांचा, हे विधानसभेच्या समितीनं कबूल करायला १८९० साल उजाडलं. मर्दा, पेटी एकानं ठोकायची, फोटो दुसऱ्याचा, हे सगळीकडं सारखंच.

शेवटचं काम ताटात. काळी वाळू आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चुंबकानं उचलायची. सोन्याची भुकटी पाण्यावर तरंगते, त्यावर भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की मुकाट्यानं बुडते. मग मऊ बाटलीला नळी लावून एकेक कण शोषून घ्यायचा. जुने लोक इथं पारा वापरायचे. मी नाही वापरणार, अण्णांना तसं सांग. त्यांचा जीव भांड्यात पडेल. जुन्या खाणींच्या मातीत आर्सेनिकही असतं, म्हणून घरी आल्यावर आधी साबणानं हात, मग चहा.

मिळतं किती? पेट्रोलचे पैसे निघत नाहीत. काचेच्या कुपीत पिवळं काहीतरी चमकतं, कुपी आडवी केली की सरकतं, बस्स. मोलियागुलला १८६९ मध्ये दोन कॉर्निश माणसांना जमिनीपासून इंचभर खाली ७० किलोंवर सोन्याचा गोळा लागला होता. त्या गावाला मीही गेलो, हॉटेलात पाय खाऊन आलो. मेंढीचा पाय.

आता तुझ्याकडं काम आहे. पुढची पाळी क्रेडलची. तिच्या वरच्या खोक्याच्या तळाला भोकांचा पत्रा लागतो. इथं तयार पत्रा महाग, आणि ड्रिलनं पाडलेल्या भोकांच्या कडा माती धरतात. पंच केलेला तुला परवडेल का? ४० बाय ४० सेंटिमीटर, भोक १२ मिलिमीटरचं, जाडी तू ठरव. दुसरं काम अण्णांचं. मदुराईला गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, दुकानात असताना सोनारांचा केर धुवायला येणारे झारेकरी बारीक भुकटी कशी धरायचे, घोंगडीवर की नुसत्या ताटात, ते विचार. बोलायला लागले की मोबाइलवर रेकॉर्ड कर. सोनं गाळताना टाकणखार किती घालायचा तेही विचारून घे, कुपी भरली की लागेल.

डिसेंबरात विट्याला येतोय. पत्रा बॅगेत बसेल एवढाच ठेव, कस्टमवाल्यांना मी समजावीन. काकूंना नमस्कार.

तुझा,
शिऱ्या