सायलेन्सर कापून दाखवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही. म्हणून नाव न घेता, पण चारचौघांत, तुमचे मनापासून आभार मानतो आहे.

रत्नागिरीत गाडी गंजली तर कुणाला नवल वाटत नाही. खारा वारा आणि चार महिने पाऊस. सायलेन्सर गेला की दोष समुद्राला. एका दुकानात तर गाडीखाली न वाकताच दोन पर्याय पुढे आले होते: सगळ्यात स्वस्त डबा, नाहीतर 'आवाज भारी येतो' म्हणून चकचकीत क्रोमचा. तुम्ही आधी जुना डबा उतरवलात आणि ग्राइंडरने उभा कापलात. आतून काळं, गंजाचं पाणी ओघळलं. जाळीच्या नळ्यांचे कडेचे तुकडे बोटाने मोडत होते, आणि बाहेरचा पत्रा मात्र अजून बरा होता! "हा आतून खाल्लाय," म्हणालात, आणि लगेच विचारलंत, गाडी रोज किती चालते?

बाबा ती बाजारापर्यंत नेतात, तेवढीच. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते, एवढ्याशा फेरीत सायलेन्सर पुरता तापत नाही आणि ते आम्लट पाणी डब्यातच साचतं, हे तुम्ही कापलेल्या डब्यावर बोट ठेवून समजावलंत.

मग निवड सोपी झाली. साधा पत्रा बाद. 304 स्टेनलेसमध्ये गंज रोखणारं क्रोमियम 18 टक्क्यांच्या आसपास, वर निकेल, त्यामुळे महाग. 409 हाही स्टेनलेसचाच प्रकार, त्यात क्रोमियम 11 टक्क्यांच्या आसपास; तोच घ्यायचं ठरलं. 409 ला लोहचुंबक चिकटतं म्हणून तो नकली ठरत नाही, हेही तिथेच कळलं. "वरून तांबूस डाग पडतील, त्याला घाबरू नका," असं विकतानाच सांगणारा दुकानदार मला तरी दुसरा भेटलेला नाही. डबा हातात देऊन वजन बघायला लावलंत, शिवणीवरून बोट फिरवायला लावलंत, पाणी निचरायचं तळाचं बारीक भोक दाखवलंत. नळीचा व्यास मात्र कंपनीच्या मापाचाच ठेवलात.

तेवढ्यात शेजारी उभ्या मुलाने धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून देता का विचारलं, तेव्हा तुम्ही सरळ नाही म्हणालात. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियमसाठी तो काढून विकणारे आहेत, हे ठाऊक असल्यामुळे त्या नकाराची मला फार किंमत वाटली.

आणखी एक गोष्ट. पावसात बाबा काचा बंद करून गाडी चालवतात. सांध्यातून धूर गळला तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो आणि त्याला वास नसतो. तुम्ही सांध्यात गळती रोखणारं नवीन गॅस्केट घातलंत, इंजिन चालू ठेवून प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी सोडलंत, बुडबुडा येतोय का ते वाकून बघितलंत. ते बघताना मला किती धीर आला, हे तेव्हा सांगायचं राहून गेलं.

आता बाबा दर रविवारी गाडी पावस गावापर्यंत नेतात, डबा नीट तापावा म्हणून. तुमचाच सल्ला. आणि डबा टांगून धरणारे रबराचे हँगर तुम्ही बदललेत, पण बिलात धरले नाहीत. ते पैसे घ्यावेच लागतील. द्यायला बाबा स्वतः येणार आहेत.

आपला,
एक ग्राहक