माहीत काय आणि वाटते काय : सहारच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पत्रात तुमचे नाव घालायचे नाही असे तुम्ही फोनवर बजावले आहे, म्हणून ‘काका’ एवढेच लिहिते. मुंबई विमानतळाजवळ सहारच्या कार्गो संकुलात हवाई निर्यातीची कागदपत्रे करणाऱ्या आमच्या वयाच्या कितीतरी जणांचे तुम्ही काकाच आहात, तेव्हा ज्यांना ओळखायचे ते ओळखतील. हे पत्र खासगीत न पाठवता चारचौघांसमोर ठेवते आहे, कारण तुम्ही मला जे शिकवले ते केवळ शिपिंग बिले, म्हणजे सीमाशुल्क खात्याला द्यायचे निर्यातीचे कागद, भरणाऱ्यांच्या उपयोगाचे नाही. घड्याळाकडे बघत, कोणीतरी समोर उभे राहून घाई करत असताना ज्यांना निर्णय घ्यावे लागतात अशा प्रत्येकाच्या ते उपयोगाचे आहे.

ती रात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. एप्रिलचा मध्य, हापूसचा हंगाम ऐन भरात, आणि मी कामाला लागून जेमतेम पाच महिने झालेले. फ्रँकफर्टला जाणारा माल वाशीहून येऊन उतरला होता. कटऑफ, म्हणजे विमानासाठी माल आत देण्याची शेवटची वेळ, रात्री एकचा होता आणि अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. शिपिंग बिलावर 312 खोकी, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रावर, म्हणजे आपल्या फायटोवर, 312 खोकी आणि एअर वेबिलावर, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या पावतीवर, मात्र 321. पार्टीला, म्हणजे माल पाठवणाऱ्या निर्यातदाराला, फोन लावला, तर त्यांच्या माणसाने ठासून सांगितले की माल 321 खोक्यांचाच आहे, शिपिंग बिल तुम्ही चुकवले आहे, ते आधी दुरुस्त करा. मी दुरुस्तीचा अर्ज लिहायलाही घेतला. तोंडाला कोरड पडली होती, आणि एवढ्या रात्री फायटो बदलून कोण देणार या विचाराने मला समोरचे अक्षरही नीट दिसत नव्हते. युरोपला जाणाऱ्या आंब्याच्या कागदांत चूक म्हणजे काय, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितले गेले होते. खेपांमध्ये फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने मे 2014 पासून आपल्या आंब्यावर बंदी घातली होती आणि ती उठायला 2015 उजाडले होते, त्यामुळे तिकडच्या तपासणीत संशयाला जागा राहील असा एकही आकडा आपल्या हातून जाऊ नये, ही शिकवण आमच्या अंगात भिनलेली होती.

तुमची त्या रात्री पाळी नव्हती. डोंबिवलीला घरी तुम्ही झोपला होता आणि मी तुम्हाला उठवले. तुम्ही रागावला नाहीत, आणि ‘घाबरू नकोस’ असेही म्हणाला नाहीत. माझे सगळे बोलणे संपेपर्यंत ऐकून घेतलेत आणि विचारलेत, “यातले तुला माहीत काय आहे आणि तुला वाटते काय?”

मी म्हणाले, खोकी 321 आहेत.

“कोणी मोजली?”

पार्टीचा माणूस सांगतो आहे, मी म्हणाले.

“म्हणजे माहीत नाही,” एवढे बोलून तुम्ही गप्प राहिलात. फोन ठेवला नाहीत. त्या शांततेत तुमच्या खोलीतल्या पंख्याची घरघर मला ऐकू येत होती, आणि ती ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की गेला पाऊण तास मी तीन कागद एकमेकांशी ताडून पाहत होते, पण पन्नास पावलांवर ठेवलेला माल मी एकदाही जाऊन पाहिला नव्हता. मी उठून गेले. लाकडी पॅलेट दोन, प्रत्येकावर तेरा थर, प्रत्येक थरात बारा खोकी. तीनदा मोजले. 312.

मग तुम्ही विचारलेत की फरक किती आहे, आणि त्याला नऊने भाग जातो का. शेजारशेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की येणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो, 47 चे 74 झाले तर 27, 305 चे 350 झाले तर 45, हे जुन्या हिशेबनिसांना पाठ असलेले गणित मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकले. चूक एअर वेबिलावर होती आणि ती आमच्याच टेबलावर टाइप करताना झाली होती. पार्टीचा माणूस 321 एवढ्या खात्रीने का सांगत होता, हेही मग उलगडले : संध्याकाळी आम्हीच पाठवलेल्या एअर वेबिलाची प्रत त्याच्यासमोर होती आणि तो तीच वाचून दाखवत होता. आमचीच चूक फिरून आमच्याकडे साक्षीदार म्हणून आली होती, आणि तिच्या साक्षीवर मी दोन बरोबर कागद चुकीचे करायला निघाले होते. बारा पस्तीसला दुरुस्त एअर वेबिल हातात आले आणि माल आत गेला.

दुसऱ्या दिवशी एका रद्द झालेल्या पॅकिंग लिस्टच्या मागे तुम्ही मला चार प्रश्न लिहून दिलेत. पहिला हाच, माहीत काय आणि वाटते काय. तो कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. चारही प्रश्न मला सारखेच उपयोगी पडले असे खोटे लिहिणार नाही, पण प्रत्येकाने कधी ना कधी हात दिला.

“अजून काय शाबूत आहे?” हा तुमचा दुसरा प्रश्न मला सुरुवातीला समजूत घातल्यासारखा वाटायचा. 26 जुलै 2005 ची हकिगत तुम्ही सांगितलीत तेव्हा त्याचा अर्थ कळला. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, विमानतळ बंद पडला, मोबाइल लागेनात, तळमजल्यावर पाणी चढू लागले, आणि जो तो काय काय बुडाले याची यादी सांगत होता. तुम्ही वरच्या मजल्यावरची कोरडी जागा, चालू असलेली एकच लँडलाइन आणि हजर असलेली अकरा माणसे एवढेच मोजलेत आणि त्या तिघांच्या बळावर कागदपत्रांच्या फायली वर नेल्यात. अपोलो 13 ची गोष्टही तुम्हीच सांगितलीत. 13 एप्रिल 1970 रोजी त्या यानातील ऑक्सिजनची टाकी फुटली, आणि त्यावरच्या चित्रपटात ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातले उड्डाण संचालक जीन क्रांझ सहकाऱ्यांना हाच प्रश्न विचारतात, की यानात अजून चांगले चालू असलेले काय आहे. नुसत्या अंदाजाने वागून परिस्थिती आणखी बिघडवू नका, असे तर क्रांझ यांनी प्रत्यक्षातही बजावले होते. जे बिघडले त्याच्याकडेच मन ओढ घेत असताना हा प्रश्न त्याला हाताशी असलेल्या गोष्टींकडे वळवतो. तीन कागदांपैकी दोन बरोबर आहेत, हे मला त्या रात्री दिसलेच नव्हते.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. “हे परत फिरवता येईल का?”

दोन वर्षांनंतरचा मे महिना. वाशीहून निघालेली गाडी मानखुर्दला वाहतुकीत अडकली आणि तिथेच तिचे कूलिंग बंद पडले. तेरा अंशांवर यायला हवा तो माल सहारला पोहोचला तेव्हा आतले तापमान चोवीसवर गेले होते. कागद निर्दोष होते, सील शाबूत होते, कटऑफला पन्नास मिनिटे होती. पार्टी म्हणाली पाठवा, ड्रायव्हर म्हणाला थोडा वेळच बंद होते, आमचे साहेबही म्हणाले की आपली जबाबदारी कागदांची, फळांची नव्हे. खोक्याच्या भोकांतून पिकू लागलेल्या हापूसचा तो ओळखीचा, एरवी जीव सुखावणारा वास येत होता आणि त्या दुपारी त्याच वासाने माझ्या पोटात गोळा येत होता.

मी तुमचा पहिला प्रश्न स्वतःला विचारला आणि तो अडला. फळ बिघडले आहे हे मला माहीत नव्हते, फक्त वाटत होते. आणि प्रक्रिया व तपासणी होऊन बंद झालेली खोकी फोडून पाहिली तर ती युरोपला पाठवण्याच्या लायकीची राहणार नव्हती. म्हणजे खात्री करून घेण्याचा मार्गच नव्हता. प्रश्न विचारला की उत्तर मिळते असा माझा तोवर समज होता. त्या दिवशी प्रश्नाने एवढेच दाखवले की माहिती न मिळताच ठरवावे लागणार आहे, आणि हे स्पष्ट कळणे हीसुद्धा मदतच असते. मग तिसरा प्रश्न. माल इथे थांबवला तर उद्या इथल्या बाजारात विकता येईल, नुकसान होईल पण ते आपल्या डोळ्यांसमोर आणि मर्यादित असेल. विमान सुटले की मात्र कोणाच्याच हातात काही उरणार नाही. साहेबांना मी हेच दोन वाक्यांत सांगितले, आणि त्यांचे मोठेपण असे की त्यांनी ऐकले. माल थांबवला.

दुसऱ्या दिवशी तो क्रॉफर्ड मार्केटात मिळेल त्या भावाने गेला. काही खोकी मऊ पडली होती, काही उत्तम होती. तो फ्रँकफर्टला धड पोहोचला असता की नाही, हे आजही कोणी सांगू शकणार नाही. त्या पार्टीने उरलेल्या हंगामात आम्हाला काम दिले नाही, आणि ऑफिसात काही दिवस माझ्याशी कोणी फारसे बोलत नव्हते. मी तुम्हाला फोन केला तो खरे तर तुमच्याकडून ‘बरोबर केलेस’ हे ऐकायला. तुम्ही तसे म्हणाला नाहीत. तुम्ही विचारलेत, “दुपारी जेवढे माहीत होते, तेवढ्यावरच ठरवलेस ना? की भीतीवर?” मी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, माहितीवर. “मग झोप,” तुम्ही म्हणालात. आणि मला झोप लागली. निकाल कसा लागला यावरून निर्णयाची किंमत ठरवण्याची आपल्याकडे सर्रास रीत आहे. ती रीत माणसाला पुढच्या वेळी भित्रे करते, हे मी त्यानंतर अनेकांच्या बाबतीत पाहिले.

माझी वहिनी ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे. तिला हे सगळे सांगितले तेव्हा ती म्हणाली की त्यांच्याकडे हे रोजच असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची तपासणी यादी काढली. चीर देण्यापूर्वी सगळ्यांनी क्षणभर थांबायचे, आणि रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, जागा कोणती हे मोठ्याने बोलून पक्के करायचे. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली, आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आले. हे ऐकल्यापासून, काम तुंबलेले असताना दोन मिनिटे थांबून प्रश्न विचारायला मला संकोच वाटत नाही.

आता चौथा प्रश्न, आणि इथे माझे तुमच्याशी थोडे भांडण आहे. “काहीच केले नाही तर काय होईल, आणि किती वेळात?” यातला पहिला अर्धा भाग नाशवंत मालाच्या धंद्यात मला धोक्याचा वाटतो. त्याचा आधार घेऊन हातावर हात ठेवून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. दुसरा अर्धा मात्र मी उचलून सगळ्यांत वर नेला आहे : मी आधी विचारते, नक्की वेळ किती आहे? मिनिटांत. त्या पहिल्या रात्री माझ्याकडे तब्बल शंभर मिनिटे होती आणि मी पाचच उरल्यासारखी धावत होते. वेळ कमी असल्यापेक्षा किती आहे ते न मोजल्यानेच जास्त घाबरायला होते, असा माझा अनुभव आहे. तुम्हाला हे पटणार नाही, ‘वेळेने सुरुवात केलीस की वेळेचीच भीती बसते’ असे तुम्ही म्हणाल. समोरासमोर बसूनच हा वाद मिटवावा लागेल.

एक गोष्ट मला काकूंकडून कळली, आणि खरे तर हे पत्र लिहायला तीच कारण झाली. त्या म्हणाल्या की त्या रात्री मी फोनवर दोन आकडे सांगताक्षणीच अंकांची अदलाबदल तुमच्या लक्षात आली होती. आयुष्यभर आकड्यांत वावरलेल्या माणसाला ती न दिसणे शक्यच नव्हते. ‘वेबिल दुरुस्त कर’ एवढे सांगून तुम्ही अर्ध्या मिनिटात पुन्हा झोपू शकला असता. त्याऐवजी तुम्ही अंथरुणात उठून बसलात, काकूंना दिवा लावू दिला नाहीत, आणि मी मोजून परत येईपर्यंत, मग कागद दुरुस्त होऊन माल आत जाईपर्यंत, तासाभराहून अधिक वेळ फोन कानाला लावून बसून राहिलात. सकाळी सहाच्या लोकलने तुम्हाला कामावर यायचे होते. काका, चार प्रश्नांबद्दल तर मी ऋणी आहेच, पण त्याहून अधिक त्या गप्प बसण्याबद्दल आहे.

अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या रविवारी डोंबिवलीला येते. देवगडची पेटी आणणार आहे, अढीतून काढलेली, त्या दिवशी कापता येईल अशी. काकूंना सांगा, रस मी काढीन.

तुमची कृतज्ञ,
सहारची विद्यार्थिनी