डायलची काच उघडू नका, आणि घासायच्या आधी नंबर वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या लढाऊ विमानांच्या पार्ट्सपासून घरातल्या वस्तू बनवण्यावर पानभर लेख आला होता, तो वाचला. फोटो झकास होते. पंखाच्या पत्र्याचं टेबल, पिस्टनचा दिवा, कॉकपिटमधली डायल काढून केलेलं भिंतीवरचं घड्याळ, सगळं चकाचक. पण सोबत जी कृती दिलीये ती वाचून डोक्याला हात लावला. काच उघडा, डायलवरचा पिवळट जुना रंग खरवडून काढा, पत्रा कॉस्टिक सोड्यात बुडवा, मग ग्राइंडरला बफ (पॉलिशचं मऊ चाक) लावून चमकवा. यातली पहिली गोष्ट माणसाच्या जिवाशी खेळ आहे आणि बाकीच्या त्या वस्तूच्या मुळावर उठणाऱ्या आहेत. मी बरीच वर्षं हे पार्ट्स जमवणं, ओळखणं आणि जमेल तसे सांभाळणं या नादात आहे, म्हणून न राहवून लिहितोय, पत्र जरा लांबेल.

आधी डायलचं. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांत रात्री आकडे आणि काटे दिसावेत म्हणून ते रेडियमच्या रंगाने रंगवायचे. त्या रंगात रेडियम आणि झिंक सल्फाइड असायचं, रेडियमच्या किरणांनी झिंक सल्फाइड चमकायचं. आता इतक्या वर्षांत त्या माऱ्याने झिंक सल्फाइडच मरून गेलंय, अंधारात काही चमकत नाही, आणि लोकांना वाटतं की चला, जोर संपला, आता कसली भीती. तसं अजिबात नाहीये. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, १६०० वर्षांचं, त्यामुळे १९४० साली रंगवलेल्या डायलमधलं रेडियम आजवर चार टक्केही कमी झालेलं नाही. काच बंद आहे, रंग जागेवर आहे, तोवर ती वस्तू अंतर ठेवून सांभाळता येते. पण काच उघडली की तोच रंग तपकिरी होऊन पापुद्र्यासारखा सुटलेला असतो, ब्रश लागला की पावडर उडते, ती नाकातोंडातून आत गेली की शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडात नेऊन ठेवतं, आणि तिथून काढायची सोय नाही. शिवाय रेडियममधून रेडॉन वायू निघत राहतो, त्यामुळे अशा दहाबारा डायल बंद कपाटात कोंडून बेडरूममध्ये ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर परवडत असेल तर घ्या. नसेल तर जुनी डायल रेडियमचीच आहे असं धरून चाला, उघडू नका, काच फुटलेली असेल तर दोन जाड पिशव्यांत बंद करून वर ठळक लिहून ठेवा आणि जाणकाराला विचारा.

बरं, आता नंबरांचं, ज्यात खरी मजा आहे आणि ज्याचा लेखात एका शब्दाने उल्लेख नाही. विमानाचा जवळजवळ प्रत्येक भाग काहीतरी बोलत असतो. पत्र्याच्या दुमडलेल्या कडेला, रिव्हेटच्या रांगेशेजारी, रंगाच्या थराखाली बारीक ठोकलेला नंबर असतो, बाजूला इन्स्पेक्टरचा शिक्का असतो. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं घ्या. सुपरमरीन कंपनीने प्रत्येक डिझाइनला टाइप नंबर दिला होता, मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती, मार्क एकला ३००, मार्क पाचला ३४९, मार्क नऊला ३६१, मार्क चौदाला ३७९, आणि पार्टचा नंबर त्याच आकड्याने सुरू होतो. शिक्क्यात सीबीएएफ ही अक्षरं दिसली तर भाग कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यातला, वीस हजारांवर स्पिटफायर बनली त्यातली निम्म्याहून जास्त तिथलीच. आता कोणी म्हणेल मिळाला ३०० चा नंबर म्हणजे माझ्याकडे मार्क एकचा तुकडा आहे, १९४० मधल्या ब्रिटनच्या हवाई लढाईतला, सोनं लागलं हाताला! थांबा जरा. जो भाग बदलायची गरजच पडली नाही तो पुढच्या मार्कमध्येही जुन्याच नंबराने बनत राहिला. त्यामुळे नंबर तुम्हाला सांगतो ड्रॉइंग कुठल्या डिझाइनसाठी झालं, तो भाग कुठल्या विमानावर उडला ते सांगत नाही. विकणारे नेमकी हीच गल्लत करतात, काही भोळेपणाने, बरेचसे मुद्दाम.

अमेरिकन भागांची तऱ्हा थोडी वेगळी. नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या मस्टँग या लढाऊ विमानाचे नंबर ७३, १०२, १०६ अशा आकड्यांनी सुरू होतात, हे पण कंपनीच्या डिझाइनचेच आकडे. नटबोल्टवर एएनचं (अमेरिकन लष्कर-नौदलाचं) स्टँडर्ड, एएन-५ म्हणजे इंचाच्या पाच सोळांश जाडीचा बोल्ट. जर्मन उपकरणांवर एफएलने सुरू होणारा नंबर असतो आणि आटे मेट्रिक. ब्रिटिश वस्तूंवर मुकुट आणि खाली ए एम म्हणजे एअर मिनिस्ट्री, शिवाय स्टोअरचा रेफरन्स नंबर, त्यात ६ए असेल तर विमानातलं उपकरण, ५सी असेल तर इलेक्ट्रिकचं सामान, २२सी असेल तर वैमानिकाचे कपडे, हेल्मेट वगैरे. काहीच वाचता येत नसेल तर निदान आटे मोजा. ब्रिटिश असतील तर बीएसएफ किंवा बीए या तिथल्या मापांचे, अमेरिकन वेगळे, जर्मन मिलिमीटरमध्ये, एका थ्रेड गेजने देश कळतो. पण इथेही फसगत आहेच, पॅकार्ड कंपनीने अमेरिकेत बनवलेल्या मर्लिन या मूळच्या ब्रिटिश इंजिनांना आटे ब्रिटिशच ठेवले होते, त्यासाठी नटबोल्टसुद्धा त्यांनी स्वतःच बनवले. आणि स्पेनने मेसरश्मिट या जर्मन लढाऊ विमानाच्या सांगाड्यात चक्क रोल्स रॉइसचं मर्लिन इंजिन बसवून विमानं बनवली, आता त्याचा तुटका भाग मातीत सापडला तर काय म्हणायचं सांगा. म्हणून एका खुणेवर कधीच विसंबायचं नाही. नंबर, आटे, रिव्हेट, प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) रंग, सगळं जुळलं तरच तोंड उघडायचं.

तुमच्या लेखातल्या त्या घड्याळाखाली 'अस्सल स्पिटफायरचा अल्टिमीटर', म्हणजे उंची दाखवणारी डायल, असं लिहिलंय. असेलही. पण रॉयल एअर फोर्सने उपकरणांचं एक स्टँडर्ड पॅनेल ठरवून दिलं होतं, सहा डायल, ठरलेल्या जागी, आणि तेच पॅनेल स्पिटफायरमध्ये, हरिकेन या लढाऊ विमानात, लँकेस्टर या बॉम्बरमध्येही. म्हणजे सुटी डायल हातात घेऊन ती नेमक्या कुठल्या विमानातली हे फक्त डायलकडे बघून सांगता येणार नाही. त्यासाठी कुठून आली, कोणी काढली, कधी काढली याचे कागद लागतात. कागद नसतील तर 'महायुद्धकाळातला ब्रिटिश अल्टिमीटर' एवढंच लिहावं, तेवढं पुरे आहे की, पण मग भाव येत नाही ना!

आता घासण्याबद्दल. विमानाचा पत्रा हा भांड्यांचा पत्रा नाही. आत तांबं मिसळलेलं मजबूत ॲल्युमिनियम, जे लवकर गंजतं, आणि बऱ्याच पत्र्यांवर वरून शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर, तो गंज अडवायला. पातळ पत्र्यात हा थर एका बाजूला जाडीच्या पाचेक टक्के, म्हणजे एक मिलिमीटरच्या पत्र्यावर जेमतेम अर्धा दशांश मिलिमीटर. बफ मारलात की थर गेला, आतलं मिश्रण उघडं पडलं, चार महिने टेबल चमकेल आणि मग पांढरी पावडर धरायला लागेल. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियमला खातोच, शिवाय रंगाचे सगळे थर घेऊन जातो. ते थर म्हणजे त्या तुकड्याचं सर्व्हिस बुक हो! माझ्याकडे पंखाच्या दाराचा तळहाताएवढा तुकडा आहे, त्याच्या कडेला जिथे रंग आपोआप उडालाय तिथे भिंगाखाली पिवळं-हिरवं प्रायमर, त्यावर हिरवा, त्यावर करडा, वर पुन्हा पांढरट पट्टा असे थर एकावर एक दिसतात. विमानाचा रंग कधीतरी बदलला, नंतर खुणेचा पट्टा आला, हे तिथेच लिहिलंय. ते घासून काढलं की उरला काय, तर नुसता पत्रा. त्या पिवळ्या-हिरव्या प्रायमरमध्ये बहुतेक वेळा झिंक क्रोमेट असतं, त्याची धूळ कॅन्सरकारक, आणि बोल्टवरच्या कॅडमियमच्या मुलाम्याची धूळही तितकीच वाईट. चाकांचे ओतीव हब पुष्कळदा मॅग्नेशियमचे असतात, त्याचा बारीक कीस ग्राइंडरच्या ठिणगीने पेटला तर त्यावर पाणी मारू नका, आग भडकते.

मग करायचं काय? फार काही नाही. फोटो काढा, नंबर लिहून घ्या, मग डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबण, मऊ ब्रश, कापसाचे बोळे, सुकवा, वर मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा हलका हात. अडकलेला स्क्रू असेल तर पेनिट्रेटिंग ऑइल घालून आठवडाभर विसरून जा. कॅनोपीच्या (कॉकपिटवरच्या झाकणाच्या) पर्स्पेक्सला, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकला, थिनर आणि स्पिरिट लावू नका, जाळीसारखे तडे जातात. कंटाळवाणं काम आहे, टीव्हीवर दाखवण्यासारखं नाही.

२०१३ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्समधून डॉर्निअर १७ हे जर्मन बॉम्बर वर काढलं. सत्तरहून जास्त वर्षं खाऱ्या पाण्यात. ते कोणी बफ मारायला घेतलं नाही, मोठ्या प्लॅस्टिकच्या बोगद्यात ठेवून त्यावर सायट्रिक ॲसिडच्या सौम्य पाण्याचा फवारा दीर्घकाळ चालू ठेवला, मीठ आणि शिंपल्यांचा थर हळूहळू सुटावा म्हणून. त्या पाण्यात कॉस्टिक सोडाही होता, पण ॲसिडची तीव्रता मोजून खाली आणण्यापुरता, बादलीत बुडवून ठेवायला नव्हे. नॉर्वेतल्या तळ्यातून १९७३ मध्ये काढलेलं हॅलिफॅक्स हे ब्रिटिश बॉम्बर तर आरएएफ (रॉयल एअर फोर्स) म्युझियमने बरंचसं जसं निघालं तसंच ठेवलंय. आणि दुसऱ्या टोकाला, फ्रान्समधल्या कॅलेच्या वाळूतून १९८० मध्ये वर आलेली १९४० ची स्पिटफायर २०११ मध्ये पुन्हा उडाली. त्यात मूळ धातू किती आणि नवा किती यावर लोक भांडत बसतात, मला दोन्ही प्रकार मान्य आहेत, अट एकच की नवं काय बसवलं ते लपवू नये. मी स्वतः एखादी पट्टी नवी बनवली तर आतल्या बाजूला वर्ष ठोकून ठेवतो. चिडचिड होते ती डेटा प्लेटच्या धंद्याची, नुसती सिरीयल नंबरची पाटी विकत घ्यायची आणि तिच्याभोवती अख्खं विमान नवं उभं करून 'ऐतिहासिक' म्हणून मिरवायचं.

आणखी एक, लेखात 'जुन्या क्रॅश साइटवर फिरा, खजिना मिळेल' असा सल्ला आहे, तो मागे घ्या. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी विमानांचे अवशेष संरक्षित आहेत, लायसन्स नसताना हात लावणं गुन्हा आहे. अमेरिकेने आपल्या बुडालेल्या लष्करी जहाजांसाठी आणि विमानांसाठी २००४ मध्ये वेगळा कायदा केलाय. आणि कायदा राहू द्या बाजूला, तिथे वैमानिक अजून आत असू शकतो. मातीत न फुटलेला दारूगोळाही असतो. जेटच्या काळातली इजेक्शन सीट (वैमानिकाला स्फोटाने बाहेर फेकणारी खुर्ची) कोणी 'शोभेची खुर्ची' म्हणून विकत असेल तर तिच्यातली काडतुसं काढल्याचा कागद बघितल्याशिवाय तिच्यावर बसूसुद्धा नका.

दिवे आणि टेबलं करणाऱ्यांवर माझा राग नाही. तडा गेलेला, नंबर पुसलेला, ज्याचा आगापिछा काही कळत नाही असा पिस्टन असेल तर खुशाल दिवा करा, छान दिसतो. फक्त आधी भिंग घेऊन बघा आणि कोणाला तरी दाखवा, कारण कुठेतरी कोणी नेमका तोच कंस किंवा तीच बिजागरी शोधत बसलेला असतो, आणि त्याचं ड्रॉइंग हरवलेलं असेल तर माप घ्यायला तुमचा तुकडाच एकमेव.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच पानावर, कोपऱ्यात नको, ठळक चौकटीत रेडियमची सूचना छापा. लेख वाचून कोणी काच उघडलीच असेल तर त्याने पावडर झाडून किंवा व्हॅक्यूम क्लीनरने ओढून काढू नये, ओल्या कागदाने टिपून तो कागद बंद पिशवीत ठेवावा, हात नीट धुवावेत आणि लहान मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये, हेही त्यात येऊ द्या. मजकूर हवा असल्यास लिहून पाठवतो.

आपला,
जुन्या विमानांच्या नादातला एक वाचक