चाळिशी काढून देणाऱ्या सुभेदार मामांना

सुभेदार मामा,

सा. न. वि. वि.

तोंडावर बोलले असते तर "ह्यात काय एवढं" म्हणून तुम्ही उठून गेला असता, म्हणून लिहिते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण गेल्या हंगामात मी माझा कॉम्प्युटर स्वतः उघडून दुरुस्त करायला घेतला तेव्हा ज्यांनी ज्यांनी मला "वैनी, हे तुमचं काम नव्हे" असं ऐकवलं, त्यांच्याही नजरेला हे पडावं. खोटं कशाला बोलू?

तुम्ही आमच्या घरी आलात ते नातीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला. आत काय चाललंय याची तुम्हाला कल्पना नव्हती, आणि मी आदल्या दिवसापासून तीनदा रडून घेतलंय हेही ठाऊक नव्हतं. बेळगावातल्या शहापूरच्या ह्या पुढच्या खोलीत मी वीस वर्षं पत्रिका करते. लग्नाच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या. एका पानावर मराठी, दुसऱ्या पानावर कानडी. मराठी टायपिंगचं श्रीलिपी आणि कानडीचं नुडी एकाच मशीनवर. मशीन २०१४चं. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०ची साथ सोडली, आणि विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी तरी लागते. माझा प्रोसेसर चौथीतला. तुळशीचं लग्न झालं की माझी धावपळ सुरू, म्हणजे हातात दिवस मोजकेच.

बाजारातल्या एका दुकानात गेले. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं आमच्या ह्यांना मिळत होती. आमचे हे म्हणजे माउसला अजून "तो उंदीर" म्हणणारे. ते बिचारे माझ्याकडं बघायचे, दुकानदार त्यांच्याकडं. कॅबिनेट धड आहे, मॉनिटर धड आहे, फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलायची आहे, असं म्हटल्यावर तो हसला. "अख्खा सेट घ्या साहेब, पंचेचाळीस हजार. घरात लेडीजनी उघडून ठेवलं की मग आमच्याकडंच येतंय." हे वाक्यही ह्यांनाच उद्देशून.

दुसरीकडं पुण्याचा भाचा. तो तर फोनवरच, "आत्या, लहान मुलांच्या ठोकळ्यांसारखं असतं ग, दहा मिनिटांचं काम." चार व्हिडिओ पाठवले आणि मग आठवडाभर त्याचा फोन लागेना.

शेवटी मीच सामान मागवलं. एच-६१०चा बोर्ड, बाराव्या पिढीचा आय-थ्री, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, एक छोटी एसएसडी. रॅमचे भाव तेव्हा सोन्याशी पैज लावल्यासारखे चढत होते, दोन पट्ट्यांना हात घालताना छाती धडधडली. जुन्या डीडीआर-थ्रीच्या पट्ट्या नव्या बोर्डावर चालत नाहीत, त्यांची खाचच वेगळ्या जागी असते, एवढं मला वाचून कळलं होतं. रविवारी दारं लावून बसले आणि रात्री नऊला स्क्रीन उजळली.

आणि सोळाच्या जागी आठच जीबी दिसली.

पट्ट्या अदलाबदल करून बघितल्या. बोर्डावरच्या एका खाचेत कुठलीही पट्टी चाले, दुसरीत एकही नाही. सोमवारी घरी बोलावलेल्या माणसानं डब्याचं झाकणही न काढता "रॅम गेली, नवी घ्या" असं सांगून तीनशे रुपये नेले. झाकण तरी काढायचं होतं हो. तीनशे रुपयांत मी पन्नास पत्रिका घडी घालते.

मंगळवारी तुम्ही आलात. चहा सांगायच्या आधी तुम्ही कॅबिनेटला बोटांची मागची बाजू लावलीत आणि म्हणालात, "झिणझिणतंय की." किती वर्षं झिणझिणत होतं मामा! सगळे म्हणायचे, तेवढं चालायचंच. तुम्ही प्लग काढून दाखवलात. तिसरी जाड पीन कुणीतरी मोडून टाकलेली, दोन भोकांच्या बोर्डात बसावी म्हणून. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या, फिल्टरमुळं डब्याच्या पत्र्यावर मेनच्या निम्मं व्होल्टेज येऊन बसतं, माणूस सहसा मरत नाही पण नाजूक चिपांना ते मानवत नाही, हे फौजेतल्या सिग्नल्सच्या माणसानं सांगितलं तेव्हा पटकन डोक्यात शिरलं. त्याच आठवड्यात परसात अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा झाला. पण ते नंतरचं.

मग रॅमचं ऐकून घेतलंत. शेवटपर्यंत, मध्ये न बोलता. आणि म्हणालात, "पट्टी बरी आहे, खाचही बरी असेल. रॅमचा हिशोब बघणारा कारकून हल्ली प्रोसेसरच्या पोटातच बसतोय. त्याच्याकडं जाणारी वाट तुटली असेल. खालच्या पिना बघू या काय?"

तेव्हा माझं तोंड उतरलं असणार. कारण मला माहीत होतं. रविवारी प्रोसेसरची दिशा दाखवणारा कोपऱ्यावरचा त्रिकोण नीट जुळलाय का ते बघायला मी बसवलेला प्रोसेसर पुन्हा उचलला होता, आणि तो बोटांतून निसटून एका कोपऱ्यावर पडला होता. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटात सतराशे पिना असतात, केसासारख्या. वाकलेल्या पिनेला सहसा कुणी वॉरंटी देत नाही. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही, त्या तीनशेवाल्यालाही नाही.

पंखा उतरवला, प्रोसेसर काढला. तुम्ही वाकून बघितलंत, जरा वेळ गप्प राहिलात. आता "कुणी पाडला?" येणार म्हणून मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. तुम्ही विचारलंत, "शिवणाची सुई आहे घरात?"

सुई आणली. तुमच्यापुढं धरली. आणि मामा, तुम्ही ती घेतली नाहीत. नाकावरची चाळिशी काढलीत, धोतराच्या सोग्यानं काचा पुसल्यात आणि माझ्या हातात दिलीत. "घाल. तुझे हात रोज बारीक काम करतात, माझे आता थरथरतात. मी बॅटरी धरतो."

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि आपल्याला चाळिशी लागलीय हे तीन वर्षं कबूल करत नव्हते. पत्रिकेतली बारीक अक्षरं मोठी करून बघायची आणि गप्प बसायचं. तुमची चाळिशी डोळ्यांवर चढवली आणि सॉकेट एकदम खानापूरकडच्या माझ्या माहेरचं भाताचं वाफं झालं. ओळीनं लावलेली रोपं, सगळी एका अंगाला कललेली, सगळ्यांच्या शेंड्यांवर उजेड. आणि मधोमध दोनच आडवी, जनावर तुडवून गेल्यासारखी. आदल्या रात्री हीच जागा मी डोळे फाडून बघितली होती, काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

तुम्हाला तर चष्म्याशिवाय समोरचा माझा चेहराही पुसट दिसत असणार. तरी तुम्ही मोबाइलची बॅटरी आडवी धरून अर्धा तास उभे. मध्येच नुसतं "निधान, पोरी, निधान," म्हणजे सावकाश. दुसरी सूचना नाही. एकदाही हात पुढं आला नाही. आजवर माझ्या हातातून किती जणांनी पाना, कात्री, माउस ओढून घेतला असेल, "आण इकडं, मी करतो" म्हणत. मदतच करायची असते त्यांना. पण वस्तू हातातून गेली की काम शिकायचं राहून जातं, ते राहतंच.

माझे सासरे वडगावात मागावर बसायचे. ते सांगायचे, ताण्यातला धागा तुटून कुणी विणकर अडला, की शेजारचा आपला माग थांबवून उठायचा, धागा शोधून त्याच्या चिमटीत द्यायचा आणि परत जाऊन बसायचा. गाठ ज्याची त्यानं मारायची. सेठजीला कळूही द्यायचं नाही. मला ही गोष्ट आजवर मागवाल्यांच्या गरिबीची वाटायची. आता जरा वेगळी वाटते. भली माणसं गाजावाजा करत नाहीत म्हणून ती कमी आहेत असं आपण धरून चालतो. दुकानात बसून हसणारा तेवढा लक्षात राहतो.

पुढचं सांगायला नकोच. तुमच्या नातवानं धावत जाऊन थर्मल पेस्ट आणली, जुनी पुसून नवी लावली, झाकण मिटलं. सोळा जीबी. तुम्हाला आकडा दिसत नव्हता, म्हणून मी मोठ्यानं वाचला, आणि तुम्ही "सोळा?" असं परत विचारलंत, सैन्यात संदेश पडताळून घेतात तसं. "सोळा," मी म्हटलं.

पैसे घेतले नाहीत. कुंद्याचा डबा साखरेचं निमित्त करून परत केलात. जुन्या बोर्डाचे स्क्रू तेवढे मागितलेत, गुलकंदाच्या बरणीत ठेवायला. नातीच्या पत्रिकेचं बिल मात्र चोख भरलंत, वर "कमी करू नकोस" ही तंबी. मी कमी केलं नाही, पण कागद वरच्या दर्जाचा वापरला आहे. बोट फिरवून बघा.

त्या सर्व्हिसवाल्याला मी फोन केला होता. तीनशे परत मागायला नाही, नुसतं सांगायला की रॅम चांगली होती. त्यानं "बरं" म्हणून ठेवला. असो.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या चाळिशीची डावी काडी ढिली होती, स्क्रू अर्धा बाहेर आलेला. तुम्ही हात धुवायला मोरीकडं गेलात तेव्हा माझ्या संचातल्या सगळ्यात बारीक स्क्रू ड्रायव्हरनं मी तो आवळला. सैल वाटली तर सांगा, परत आवळून देईन. माझी स्वतःची चाळिशी परवा आली, पावणेदोन नंबरची.

स्क्रू पुडीत बांधून ठेवलेत, अठरा आहेत. रविवारी आणून देते.

तुमची,
वरच्या गल्लीतली पत्रिकावाली