किल्ली बापानंच दिलेली असते

मा. संपादक,

एसटीत चालक होतो, आता निवृत्त आहे. अंबाजोगाई-लातूर रस्ता पाठ आहे माझा. ऊसतोड सुरू झाली की रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात; कित्येकांना मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. त्यात समोरच्या गाडीचा लख्ख प्रकाश डोळ्यांवर आला, की ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेक मारायला अंतरच उरत नाही. मुरलेल्या चालकालाही तिथं घाम फुटतो. आणि त्याच रस्त्यानं दहावी-बारावीची पोरं बापाची चारचाकी काढून, दोस्त कोंबून ढाब्यावर निघतात. पोरगं एकटं असलं तर जरा बेतानं चालवतं. मागून कुणी ‘दाब की!’ म्हणालं, की संपलं. पट्टा कुणालाच नसतो. मागच्या सीटवरही तो सक्तीचा आहे, हे तर मोठ्यांच्याही गावी नाही.

पोरानं किल्ली चोरली म्हणतात. कसली चोरी! ‘आमचा बारका झकास चालवतो’ असं बापच पारावर सांगतो. त्याला मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती कुणी वाचून दाखवावी : अल्पवयीनानं वाहनाचा गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही.

पोलिसांनी हंगामात रात्री ढाब्यांपाशी तपासणी ठेवावी. कारखान्यांनीही रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊ नये.

– एक निवृत्त एसटी चालक, अंबाजोगाई