तुझी स्कूटर आणि साडेतीन गाणी

बाळ्या,

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही म्हणून लिहितोय. आधी पूर्ण वाच, मधेच फोन करू नकोस.

शनिवारी त्या कॉन्सर्टला गेलो होतो. भाचा आठ दिवस मागे लागला होता, मामा चल ना, 999 चं तिकीट आहे. मी म्हटलं अरे इथे ग्वाल्हेरात हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी दर डिसेंबरात एवढे मोठे मोठे गवई येऊन गातात, एक पैसा लागत नाही, आणि तू हजार रुपये घालवायला निघालास? तर म्हणे तिथे नाचता येतं का? बरं बाबा. (खरं सांगू, मलापण जायचंच होतं.) रात्री ऑटोवाले काय मागतात तुला माहितीये, म्हणून तुझी स्कूटर काढली. इथून पुढे शांतपणे वाच.

मेला ग्राउंडच्या पुढचं एक मोकळं मैदान, वेळ साडेसहाची, आणि ठंड अशी की प्लास्टिकच्या खुर्च्या दवाने ओल्या झालेल्या. व्हीआयपी म्हणजे त्याच खुर्च्या, फक्त वर पांढरं कव्हर, तेही ओलं. गायक दिल्लीहून गाडीने येतोय आणि धुक्यात अडकलाय हे आम्हाला पावणेनऊला सांगितलं, तोपर्यंत एक अँकर "ग्वालियर, शोर मचाओ" करत होता आणि पब्लिक बिचारी मचवत होती. सव्वानऊला आला, मग आमच्यासमोरच साउंड चेक! बाळ्या, तुझी फार आठवण आली रे. गणपतीत तू माइक सांभाळायचास तेव्हा कोणी माइक घेऊन स्पीकरच्या बॉक्सपुढे गेला की कसा धावत जाऊन त्याला मागे ओढायचास, तेवढीसुद्धा अक्कल इथे कोणाला नव्हती. गायक पुढे आला की कुईईई, मागे गेला की आवाज गायब, आणि त्याखाली जनरेटर लावल्यापासून एक घूंऽऽ चालूच, मी भाच्याला म्हटलं अर्थिंग बोंबललंय, तो म्हणे मामा एंजॉय कर.

तीन गाणी झाली. चौथ्याचा अंतरा सुरू, आता कुठे त्याचा गळा तापला होता (गळा चांगलाय हो, खोटं नाही बोलणार) आणि बरोब्बर दहाला एक पोलीसवाले साहेब स्टेजवर. साउंड बंद. दहानंतर मोकळ्या जागेत लाउडस्पीकर चालत नाही, 2000 सालचा नियम आहे, सकाळी सहापर्यंत बंदी. सणासुदीला सरकार बारापर्यंतची सूट देतं, तीही वर्षाला 15 दिवसांच्या वर नाही, पण हा काय सण होता? आयोजकांना काय वाटलं होतं कोण जाणे. पोलिसांची काही चूक नाही, आमच्या गल्लीतल्या डीजेच्या वेळी मीच फोन करतो.

मग खुर्च्या उडायला लागल्या. "पैसे वापस" सुरू झालं, अँकर गायब, आणि बाहेर जायला गेट एकच. आम्ही कडेकडेने पार्किंगला पोचलो तर कोणाच्या तरी धक्क्याने गाड्यांची अख्खी ओळ आडवी, पत्त्यांसारखी, आणि सगळ्यात खाली आपली. उचलली तर आरसा गेलेला, हँडल जरा वाकडं आणि खाली मातीत पेट्रोलचं थारोळं, टाकीच्या झाकणातून सगळं गळून गेलेलं. तरी तिसऱ्या किकला सुरू झाली. शहाणी आहे रे ती.

पडावच्या पुलापर्यंत आली. फूलबागेत, बरोबर झाशीच्या राणीच्या समाधीसमोर, फुर्रर करून बंद. रिझर्व्हवर केली, आडवी करून किक मारल्या, तू मारायचास तश्या, काही नाही. भाचा म्हणतो, मामा राणी पण इथेच पडली होती ना. कानाखाली देणार होतो. मग तिथून दौलतगंजपर्यंत ढकलत, रात्री साडेअकराला, मी हँडलला आणि तो मागून, आणि मागून त्याच चौथ्या गाण्याचा अंतरा गुणगुणतोय, पुढचं आम्हाला ऐकायलाच मिळालं नव्हतं म्हणून तेवढाच परत परत. आयोजकांचा फोन तेव्हापासून बंद आहे. 1998 रुपये गेले ते गेले.

आता खरी गोष्ट. आरसा नवीन बसवला, हँडल सरळ केलं, प्लग बदलला, एकदम ओके चालतेय. पण स्टेपनीच्या कव्हरवर काकांनी स्वतः ब्रशने लिहिलं होतं ना, "श्री गजानन प्रसन्न", तिथेच पोचा आलाय. रंग खरवडून "नन" उडालं, "प्रसन्न"चा नुसता "प्र" राहिलाय. मिस्त्री म्हणतो पोचा ठोकून काढतो भाईसाब, पण मग पूर्ण कव्हर रंगवावं लागेल, अक्षरं राहणार नाहीत. पेंटरकडून परत लिहून घेता येईल, पण काकांचा तो "श्री", वरची वेलांटी जरा जास्तच लांब गेलेली, तो काही पेंटरला जमायचा नाही.

मी मिस्त्रीला थांबवलंय. कव्हर घरी आणून ठेवलंय, फडक्यात गुंडाळून, कपाटावर. काय करू ते तू सांग. शिव्या द्यायच्या असतील तर रविवारी दे, घरी असतो.

तुझाच,
पप्पू